वाचकांचे प्रश्न : बिजागोसची बेटे आणि मुंबईची खाडी

गेल्या अंकात जागतिक वारशाच्या नव्या यादीविषयी एक टिपण होते. त्यात पश्चिम आफ्रिकेतील बिजागोस द्वीपसमूहाचा उल्लेख जेमतेम चार ओळींचा होता, परंतु पत्रे आली ती बहुतांशी त्या चार ओळींवरच. तिथल्या कांदळवनांबद्दल विचारता विचारता बहुतेक पत्रलेखक आपल्या खाडीवर येऊन थांबले आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आपल्या बारा किल्ल्यांबरोबर गिनी-बिसाऊ या देशातील काही बेटांचाही जागतिक वारशात समावेश झाला, असे आपण लिहिले होते. ही बेटे नेमकी कुठे आहेत? तिथे ना किल्ला ना लेणी. मग जगाने जपावे असे तिथे काय आहे? (एक निवृत्त शिक्षक, परळ)

उत्तर : जागतिक वारसा समितीचे ४७ वे अधिवेशन जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरले होते. त्याच अधिवेशनात मराठेशाहीच्या बारा किल्ल्यांना मान्यता मिळाली. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांसारखे आपले सागरी किल्ले त्यांत आहेत. किल्ले सांस्कृतिक वारशात मोडतात. बिजागोसची नोंद नैसर्गिक वारसा म्हणून झाली असून गिनी-बिसाऊ या देशाचे यादीतील हे पहिलेच स्थळ आहे. ही मान्यता सहजासहजी मिळाली नाही. १९९६ मध्ये या भागाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, २०१३ मध्ये वारशाचा पहिला प्रस्ताव अधिक तयारीसाठी माघारी आला, २०१४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव लागले आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा दुसरा प्रस्ताव मंजूर झाला.

आफ्रिकेच्या नकाशात सेनेगलच्या दक्षिणेला अटलांटिक महासागराला लागून गिनी-बिसाऊ हा चिमुकला देश दिसतो. तो १९७० च्या दशकापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्याच्या किनाऱ्यासमोर लहानमोठी ८८ बेटे पसरलेली आहेत आणि त्यांतील वीस-एक बेटांवरच कायमची वस्ती आहे. मुख्य भूमीवरून येणाऱ्या नद्यांचा गाळ या बेटांभोवती सतत साचत राहतो, त्यामुळे आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील हा एकमेव जिवंत त्रिभुज-प्रदेशी द्वीपसमूह मानला जातो. नदीचा गाळ आणि समुद्राच्या तळातून वर येणारे पोषक थंड पाणी यांची गाठ इथे पडते. पाणी उथळ असल्याने ओहोटीला बेटांमधला कितीतरी विस्तार उघडा पडतो आणि त्याच्या कडांना कांदळवने उभी असतात.

या उथळ, गढूळ पाण्याच्या बळावर तिथे माशांची पैदास होते, सागरी गाय म्हणून ओळखला जाणारा मॅनाटी चरतो आणि ओरांगो बेटावर पाणघोडे खाऱ्या पाण्यात उतरतात. पोइलाँव नावाच्या इवल्याशा बेटावर हिरव्या सागरी कासवांच्या हजारो माद्या अंडी घालतात. संपूर्ण अटलांटिकमध्ये या जातीची इतकी मोठी वीण फारच थोड्या ठिकाणी होते. युनेस्कोच्या नोंदीनुसार ८ लाख ७० हजारांहून अधिक स्थलांतरित किनारपक्षी या द्वीपसमूहाचा आश्रय घेतात. आपण विचारलेल्या ‘काय आहे’चे उत्तर मुख्यतः या आकड्यात आहे.

प्रश्न : या बेटांची जी छायाचित्रे पाहिली त्यांत झाडे कडेला आणि मध्ये नुसता चिखल दिसतो. आमच्याकडच्या तिवरांत मला बगळे आणि खंड्या यांपलीकडे फारसे काही दिसलेले नाही. मग हे लाखो पक्षी राहतात कुठे? आणि समुद्रपक्षी म्हणायचे तरी कोणाला? (एक वाचिका, चेंबूर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. कांदळवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडे येतात, सरकारी आकडेवारीही झाडांखालील क्षेत्राचीच असते, परंतु बहुसंख्य स्थलांतरित पक्ष्यांचे जेवण झाडांत नसून झाडांसमोरच्या चिखलात असते.

झाडांचे काम पडद्यामागचे आहे. तिवर, चिप्पी, कांदळ यांची पाने वर्षभर गळत राहतात, कुजतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर चिखलावर पसरतात. त्यावर जिवाणू पोसतात आणि चिखलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवाळाचा तेलकट, तपकिरी थर धरतो. तो खाऊन कृमी, खेकडे, शिंपले आणि कोलंबीची पिल्ले वाढतात. ओहोटी लागली की पक्षी या मेजवानीवर उतरतात. कोणाची चोच दोन बोटांची, कोणाची वीतभर लांब आणि बाकदार, तर कोणाची सरळ सुईसारखी. त्यामुळे चिखलाच्या वेगवेगळ्या खोलीवरचे अन्न वेगवेगळ्या जातींच्या वाट्याला येते आणि एकाच पट्ट्यात हजारो पक्षी एकमेकांच्या आड न येता चरू शकतात.

शिवडीला किंवा ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी दुर्बीण घेऊन एकाच रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याकडे पाच मिनिटे पाहावे. तो मान पूर्ण खाली सोडतो आणि चोच उलटी, म्हणजे वरचा भाग खाली येईल अशी, पाण्यात धरतो. मग जीभ दट्ट्यासारखी झपाट्याने मागेपुढे करत पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर टाकतो. झालरीत अडकलेले शैवाळ आणि किटुकले पोटात जातात. लहान रोहिताची झालर फार बारीक असल्याने तो मुख्यतः सूक्ष्म शैवाळावर जगतो, तर मोठा रोहित कोळंबीसारखे छोटे जीव आणि अळ्याही टिपतो. त्यांच्या पायांशी निवट्या चिखलावर कल्ल्यांत पाणी धरून टुणटुण उड्या मारताना दिसतील. या सगळ्यात झाडाचे एक पानही दिसत नाही, तरी झाडे नसती तर यातले फारसे काही तिथे नसते.

आता समुद्रपक्षी. ढोबळमानाने दोन गट लक्षात ठेवावेत. पहिला गट खऱ्या अर्थाने समुद्रावर जगणाऱ्यांचा. सुरय, कुरव, बूबी, फ्रिगेट हे पक्षी मासे पकडतात आणि विणीसाठी निर्जन बेटे शोधतात. बिजागोसमधील वाळूच्या उघड्या बेटांवर सुरयांच्या वसाहती आहेत. त्यांची अंडी वाळूवर उघडीच असतात. एखादी होडी तिथे टेकली आणि पक्षी उठले, तर दुपारच्या उन्हात अंडी भाजून निघायला फार वेळ लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात अशा वसाहतीचे ठळक उदाहरण सिंधुदुर्गातील वेंगुर्ला रॉक्सचे आहे. तिथे लगामी सुरय पावसाळ्यात वीण करतात.

दुसरा गट किनारपक्ष्यांचा. तुतारी, चिखल्या, कुरल, गॉडविट, नॉट हे पक्षी पोहत नाहीत, बुडी मारत नाहीत. चिखलात चोच खुपसून जगतात. यांतले बरेच जण सायबेरियाच्या आणि ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात उन्हाळ्याचे दोन-तीन महिने वीण करतात आणि उरलेले वर्ष दक्षिणेत काढतात. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातील नॉट पक्षी युरोपातील वाडन समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर थांबतो आणि तिथून थेट मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरचा बाँक दार्ग्वां किंवा त्याच्याही खाली बिजागोस गाठतो. वाडन समुद्र २००९ पासून आणि बाँक दार्ग्वां १९८९ पासून जागतिक वारशात आहे. या वाटेवरचा, म्हणजे पूर्व अटलांटिक उड्डाणमार्गावरचा, तिसरा मोठा मुक्काम बिजागोस मात्र २०२५ पर्यंत यादीबाहेर होता. हे पक्षी परतीच्या प्रवासाआधी अंगावर भरपूर चरबी साठवतात आणि ती साठवण्याचा अवधी थोडाच असतो. भरतीच्या वेळी चिखल झाकला गेल्यावर त्यांना खाता येत नाही, म्हणून दिवस असो की रात्र, प्रत्येक ओहोटी त्यांच्या लेखी मोलाची असते. मुंबईची खाडी मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येते. जाती थोड्या वेगळ्या असल्या तरी हिशेब हाच आहे.

प्रश्न : आम्ही कोळी. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, शिवल्या धरतात. आता त्यांना कोणीही येऊन ‘संरक्षित क्षेत्र’ असा बोर्ड दाखवतो. त्या बेटांवर माणसे राहतात असे तुम्ही लिहिले आहे. तिथे त्यांना मासे धरू देतात की हाकलतात? (एक मासेमार, नवी मुंबई)

उत्तर : हाकलत नाहीत. उलट त्या माणसांच्या नियमांवरच तिथले संरक्षण उभे आहे.

बिजागो हा तिथला मूळ समाज. त्यांच्या परंपरेत काही बेटे आणि काही किनारे पवित्र मानले जातात. तिथे घर बांधायचे नाही, रक्त सांडायचे नाही, ठरलेल्या विधीखेरीज आणि वडीलधाऱ्यांच्या संमतीखेरीज पाऊल ठेवायचे नाही, असे हे निर्बंध आहेत. कासवांचे पोइलाँव हे असेच एक बेट आहे. कोकणातल्या देवराईत कोणी कुऱ्हाड चालवत नाही, त्यासारखाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे समुद्राचा तुकडाही देवाच्या नावाने राखलेला आहे. सरकारने २००० मध्ये ओरांगो आणि झुआँव व्हिएरा–पोइलाँव ही दोन राष्ट्रीय उद्याने घोषित केली, तेव्हा या जुन्या निर्बंधांना बाजूला न सारता त्यांनाच कायद्याची जोड दिली.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे उदाहरण उरोक बेटांचे आहे. फोर्मोझा, नागो आणि शेदियाँ ही तीन बेटे आणि त्यांभोवतीचे पाणी यांना २००५ मध्ये समाजाने चालवायचे सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तिथे पाण्याचे पट्टे पाडले आहेत. सर्वांत आतल्या, नाजूक पट्ट्यात रहिवाशांनीच आणि पोटापुरतेच धरायचे. त्याच्या बाहेरच्या भागात रहिवाशांना विक्रीसाठीही मासेमारी करता येते. बाहेरगावच्या होड्यांना जागा आहे ती आणखी दूर, आणि जाळ्यांवरही मर्यादा आहेत. चिखलातले शिंपले गोळा करणे हे तिथेही बायकांचे काम आहे. ते बंद करावे असे कोणी म्हणत नाही, कारण हाताने वेचणाऱ्या बायका आणि चोचीने वेचणारे पक्षी एकाच चिखलावर पूर्वीपासून जगत आले आहेत.

खरा धोका निराळा आहे. शेजारच्या देशांतून येणाऱ्या होड्यांचे तळ बेटांवर पडतात, पकडलेले मासे तिथेच धुरावर वाळवले जातात आणि त्या धुरीसाठी लागणारे लाकूड कांदळवनांतून तोडले जाते. मासा आणि झाड असे दोन्ही एकाच वेळी जातात. मोठ्या जहाजांची चोरटी मासेमारी त्याखेरीज. या साऱ्यावर पहारा ठेवायला बोटी लागतात, डिझेल लागते, पगार लागतात. गिनी-बिसाऊ हा जगातील गरीब देशांपैकी एक असून तिथे लष्करी उठावांचा इतिहास मोठा आहे; गस्तीचा बराच खर्च परदेशी मदतीवर चालतो. शिवाय शहरात शिकून आलेली तरुण मंडळी जुने निर्बंध पूर्वीइतके पाळतीलच असे नाही. तेव्हा तिथे सगळे आलबेल आहे असा समज कृपया करून घेऊ नये. परंतु ज्यांचे पोट खाडीवर आहे त्यांनाच खाडीचे पहारेकरी मानण्याची त्यांची दिशा योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यालाही ही रीत परकी नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवण्याची प्रथा कायद्याच्या कितीतरी आधीची आहे; आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे ती त्याच समजुतीवर. राज्य सरकारच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत खेकडेपालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी किनाऱ्यावरच्या गटांना साहाय्य मिळते, त्याची चौकशी वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे करावी. बोर्डाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून करा. आपल्या गावाच्या हद्दीतील जागा अभयारण्यात आहे, राखीव वनात आहे की केवळ किनारा नियमन क्षेत्रात आहे, हे सर्व्हे क्रमांक सांगून लेखी विचारून घ्या. तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि बोर्ड दाखवणाऱ्यालाही बऱ्याचदा ते ठाऊक नसतात. रात्री खाडीत डेब्रिज ओतणारा डंपर आणि ओहोटीला शिवल्या वेचणारी बाई या दोघांना एकाच बोर्डाने अडवणे हा न्याय नव्हे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातर्फे खाडीकिनाऱ्यावर कांदळाची पाचशे रोपे लावण्याचा विचार आहे. मोकळी चिखलाची जागा भरपूर आहे. कोणती रोपे घ्यावीत? प्रकल्पांसाठी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अशी लागवड पुरेशी ठरते का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : हेतू चांगला आहे, तरीही मोकळ्या चिखलात रोपे लावू नका, असेच मी सांगेन. तो चिखल ओसाड नाही. वरच्या उत्तरात ज्याचे वर्णन केले तेच पक्ष्यांचे कुरण आपण रोपांनी झाकून टाकाल. रोपे जगली तर पक्ष्यांची जागा जाईल, आणि बहुधा ती जगणारही नाहीत, कारण जिथे झाडे आपणहून आलेली नाहीत तिथे पाणी बहुतेक वेळा फार खोल किंवा फार वेळ उभे राहते. ठाणे खाडीत तर गेल्या काही दशकांत तिवरांचे क्षेत्र कमी न होता कित्येक ठिकाणी वाढले आहे. गाळ आणि सांडपाणी यांमुळे खाडी उथळ होत गेली, तिवरे पुढे सरकली आणि मधला उघडा पट्टा अरुंद झाला. नकाशावर हिरवा रंग वाढलेला पाहून आनंद होतो. चिखलावर उतरणाऱ्या तुतारीचे मत वेगळे असेल.

कांदळवनाला मुख्यतः भरतीच्या पाण्याची मोकळी ये-जा हवी असते. एखाद्या रस्त्याच्या भरावाने किंवा बांधाने पाणी अडले असेल तर तो अडथळा वन खात्यामार्फत दूर करून घेतला की बिया पाण्याबरोबर आपोआप येतात. कांदळाचे बी तर आईच्या अंगावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे लटकून मग खाली पडते. जागा योग्य असेल तर त्याला आपल्या हाताची गरज लागत नाही. जिथे पूर्वी जंगल होते, ते तुटले आणि बियांचा स्रोतही जवळ उरला नाही, तिथेच लागवडीला अर्थ आहे. तीही त्या जागेच्या मूळ जातींची, वन खात्याच्या देखरेखीखाली. पाण्याकडच्या बाजूला चिप्पी, मधल्या भागात तिवर, गोड्या पाण्याचा अंश असेल तिथे काजळा किंवा मारांडी अशी साधारण रचना दिसते, पण प्रत्येक खाडीची चाल निराळी असते. पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे म्हणून सगळीकडे तीच लावण्याचा उत्साहही नको.

महाविद्यालयाला काम हवेच असेल तर ओहोटीच्या वेळी तिवरांच्या श्वसनमुळांत अडकलेले प्लास्टिक काढा. तिवराच्या बुंध्याभोवती जमिनीतून पेन्सिलीएवढी शेकडो मुळे सरळ वर आलेली दिसतात. झाड त्यांतून श्वास घेते. त्यांच्यावर पिशव्या आणि फाटकी जाळी गुंडाळली गेली की चांगले वाढलेले झाडही हळूहळू वाळते. मुळे तुडवली जाणार नाहीत याची काळजी घेत, छोट्या तुकड्या करून आणि परवानगी घेऊन हे काम करता येते. छायाचित्रात ते रोपे लावण्याइतके शोभत नाही, हे खरे.

बदली लागवडीबद्दल. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळवृक्ष तोडण्याची परवानगी दिली आणि भरपाई म्हणून अनेकपट लागवडीची हमी देण्यात आली. अशा प्रकल्पांची सार्वजनिक गरज न्यायालय तपासते आणि तो त्याचा अधिकार आहे. माझा आक्षेप मोजणीच्या पद्धतीवर आहे. झाडास झाड असा हिशेब मांडला की झाडांसमोरचा चिखल, त्यातले शिंपले आणि त्यावर जगणारे पक्षी हिशेबातून गळतात. ती भरपाई दुसऱ्या खाडीत रोपे लावून होत नाही, आणि ती रोपे उघड्या चिखलातच लावली गेली तर नुकसान दुप्पट होते.

प्रश्न : मुंबईही एके काळी अशीच बेटे होती ना? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : होय. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे होती. त्यांच्यामध्ये भरतीला पाणी भरे आणि ओहोटीला खाजणे उघडी पडत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीचा बांध घातला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भराव घालून बेटे जोडली गेली. त्या भरावाखाली किती कांदळवन गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. उरलेला मोठा भाग आज ठाणे, मालाड, मनोरी-गोराई आणि वसईच्या खाड्यांलगत आहे.

प्रश्न : आमच्याकडे तळ्यांवरून मोर्चे निघतात. रोहित पक्षी खाडीत राहतात, खाडीला अभयारण्य आहे. मग शहरातल्या एका तळ्यासाठी एवढा आग्रह कशाला? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : भरतीमुळे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि खाडीतला चिखल काही तास पूर्ण बुडतो. लांब पायांच्या रोहितांनाही तेव्हा उभे राहायला उथळ जागा हवी असते, आणि छोट्या किनारपक्ष्यांना तर कोरडी किंवा घोटाभर पाण्याचीच. म्हणून भरती चढू लागली की थवे खाडी सोडून भांडुप, नेरूळ, सीवूड्स, उरणकडच्या पाणथळ जागांवर जातात आणि ओहोटी लागली की परततात. खाडी आणि तळे हे एकाच घराचे दोन खण आहेत. एकाला अभयारण्याचा दर्जा देऊन दुसऱ्यात भराव टाकला तर घर राहत नाही.

ठाणे खाडी रोहित अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकी पाणी आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला तेव्हा भोवतालचे संवेदनशील क्षेत्र धरून हा आकडा साडेसहा हजार हेक्टरांच्या वर गेला. भरतीच्या वेळची आसरा घेण्याची ठिकाणे मात्र बरीचशी या रेषेबाहेर राहिली. नेरूळच्या डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याची तक्रार होती. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात रोहित पक्षी मेल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळे रोहितांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आपल्या शेजाऱ्यांच्या मोर्च्यांचा त्यात वाटा नाही असे म्हणता येणार नाही. २०२४ च्याच मे महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेने एका रात्रीत ३९ रोहित पक्षी मेले. आसरा कमी झाला किंवा पक्षी बेवेळी उठवले गेले की ते कुठल्या वाटेने जातील यावर कोणाचा ताबा नसतो, हे विमानतळाच्या नियोजनातही धरले पाहिजे.

प्रश्न : आमच्या इमारतीमागे तिवरांत रोज रात्री राडारोडा टाकला जातो. तक्रार कोणाकडे? (एक गृहनिर्माण संस्था, भांडुप)

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने राज्यभर कांदळवनांची तोड आणि त्यांत भराव टाकणे मनाई केले असून त्यांभोवती ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला आणि राडारोड्याला बंदी घातली आहे. जमीन खासगी असली तरी मनाई लागू होते. तक्रार वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे, प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला द्यावी. छायाचित्रावर दिनांक, वेळ आणि ठिकाणाचे निर्देशांक असावेत, गाडीचा क्रमांक दिसत असल्यास उत्तम. निकालानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आहे. खालच्या पातळीवर उत्तर मिळाले नाही तर तिथे लिहावे. तोंडी तक्रारीवर विसंबू नये, आणि डंपर अडवायला रात्री एकट्याने तर मुळीच जाऊ नये.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर बदकाहून मोठा, पांढरा, काळ्या पंखांचा एक पक्षी बसलेला सापडला. उडत नव्हता. आम्ही त्याला पाण्यात सोडले, पण लाटेने तो पुन्हा बाहेर आला. काय करायला हवे होते? (एक कुटुंब, विलेपार्ले)

उत्तर : वर्णनावरून तो बूबी असावा. हा खोल समुद्रावरचा पक्षी असून वीण सोडली तर किनाऱ्याकडे फिरकत नाही. जून ते ऑगस्टमधील वादळी वाऱ्यांत बूबी, फ्रिगेट, काजळी सुरय, नॉडी असे पक्षी थकून मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. बरेचदा त्यांना जखम नसते. कित्येक दिवस उपाशी राहून उडण्याचे बळ संपलेले असते. म्हणून त्यांना पाण्यात ढकलणे हे सर्वांत चुकीचे. ते समुद्रातूनच जीव वाचवून आलेले असतात.

प्रथम कावळे आणि कुत्री दूर ठेवावीत. मोठा टॉवेल किंवा चादर मागून अंगावर टाकून पंख मिटलेल्या स्थितीत पक्षी उचलावा, डोके झाकलेले राहू द्यावे. बूबीची चोच सुऱ्यासारखी धारदार असते आणि तो थेट डोळ्यांकडे झेपावतो, तेव्हा चेहरा लांब ठेवावा. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी त्याला ठेवून वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते; दूध, पाव किंवा फरसाण यांपैकी काही देऊ नये. मोबाइलवर छायाचित्रे काढायला गर्दी जमवू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा पक्षी घरी ठेवून पोसता येत नाही, आणि तशी गरजही नसते. वेळेवर उपचार केंद्रात पोहोचलेले काही पक्षी पुरेसे खाऊन, विश्रांती घेऊन पावसाने उघडीप दिल्यावर पुन्हा समुद्राकडे सोडता येतात.